चिलीतील माजी राजबंदी : मान्यता आणि गोपनीयता

चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथवून टाकले. जनरल पिनोचे यांच्या १९९० पर्यंतच्या राजवटीत हजारो राजबंद्यांचा अमानुष छळ झाला. लोकशाहीच्या पुनःस्थापनेनंतर नेमलेल्या रेत्तिग आयोगाने मृत व बेपत्ता व्यक्तींचीच प्रकरणे तपासली. छळ सोसून जिवंत राहिलेले त्याच्या कार्यकक्षेबाहेर राहिले. त्यांची दखल घेण्यास २००४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी वालेच आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पर्यंत ३८,२५४ व्यक्तींना राजकीय कैद व छळाचे बळी म्हणून अधिकृत मान्यता मिळाली.

२००४ च्या कायद्याने या पीडितांना निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा व शैक्षणिक साहाय्य दिले. मात्र त्याच कायद्याने त्यांच्या साक्षी ५० वर्षांसाठी गोपनीय ठरवून न्यायालयांनाही त्या अनुपलब्ध केल्या. साक्षीदाराला स्वतःची हकीकत सांगण्याची मुभा होती; तथापि एकत्रित पुरावा बंदिस्तच राहिला. पीडितांच्या खासगी जीवनाचे रक्षण हा गोपनीयतेचा हेतू सांगितला गेला. परंतु तिचे संरक्षण छळ करणाऱ्यांनाही लाभले. शासनाने वेदना मान्य केली, पण तिचे उत्तरदायित्व निश्चित करण्याचा मार्ग अरुंद केला. यावरून भरपाई हा न्यायाचा एक भाग असला, तरी तो न्यायाचा पर्याय ठरू शकत नाही, हे स्पष्ट होते.