अखेरचा हात : कचारगडच्या पायथ्याशी घरकामाची सावड, ठेका आणि भागीदारी

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या वनाच्छादित डोंगररांगेत कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा असून, गोंड समाजाच्या कोया पुनेम परंपरेत ती श्रद्धेचे आद्यस्थान मानली जाते आणि माघ पौर्णिमेच्या यात्रेला तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात. या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या धनेगाव, दरेकसा यांसारख्या गावांतील घरांचा विचार करताना पाया, भिंत आणि छप्पर यांच्याकडे लक्ष सहज जाते. परंतु घराला राहण्याजोगे करणारे अखेरचे काम, म्हणजे लिंपण, गिलावा, सारवण, रंग, दारे-खिडक्यांची बसवणी आणि अलीकडे फरशी, हे इतिहासलेखनात बहुधा उपेक्षित राहते. हे काम कोणी करावे, कोणाच्या शब्दावर करावे आणि ते बिघडल्यास कोणी भरून द्यावे, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत ज्या क्रमाने बदलत गेली, तो क्रम म्हणजेच या परिसरातील घरकामाच्या व्यवसायाचा इतिहास होय.

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातील जुने घर मातीचे किंवा कुडाचे असे. कुड म्हणजे बांबूच्या कामट्या विणून उभी केलेली आणि दोन्ही अंगांनी चिखलाने लिंपलेली भिंत. या चिखलात तणीस, म्हणजे भाताचा वाळलेला पेंढा, किंवा कोंडा कालवला जाई, कारण त्याच्या धाग्यांमुळे माती वाळताना कमी तडकते. छपरावर कवेलू असत आणि माकडांच्या उड्यांनी व वाऱ्याने सरकलेली ही कवेलू पावसाळ्यापूर्वी पुन्हा रचून घ्यावी लागत. पावसाने धुपलेल्या भिंती दिवाळीच्या आधी नव्याने लिंपून त्यांवर पांढऱ्या मातीचा हात फिरवला जाई. सीमेपलीकडच्या छत्तीसगडी बोलीत या मातीला ‘छुही’ म्हणतात. त्यामुळे घराचे नूतनीकरण हा वर्षाच्या चक्रातलाच एक भाग होता आणि बांबू-लाकडाची गरज निस्तारातून, म्हणजे घरगुती वापरासाठी जंगलातून वस्तू घेण्याच्या मान्यताप्राप्त सवलतीतून, भागत असे.

या कामाची देवघेव दोन वाटांनी होई. पहिली वाट सावडीची होती: आज एका घरच्या माणसांनी दुसऱ्याच्या छपरावर काम करावयाचे आणि उद्या त्या घरच्यांनी परतफेड करावयाची, अशा या व्यवस्थेत पैशाऐवजी श्रमाचाच हिशेब राही. दुसरी वाट कारू-कारागिरांची होती. चौकट, दार आणि नांगर यांसाठी सुतार, खिळा-कडीसाठी लोहार व मडकी-कवेलूंसाठी कुंभार यांना हंगामाच्या अखेरीस धान्याचा वाटा मिळे. महाराष्ट्रातील बलुतेदारीचे सविस्तर चित्र त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात रेखाटले आहे. या व्यवस्थेतील कारागीर गावातच राहत असल्याने दार अडकू लागले तर ते तासून देण्याची जबाबदारी टाळण्यास त्याला जागा नव्हती आणि त्याच्या कामाची हमी रोजच्या सहवासातून मिळे. तथापि या व्यवस्थेचे गुणगान करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत: कारागिराचा व्यवसाय जातीने ठरलेला असल्याने त्याला भाव ठरवण्याचे स्वातंत्र्य फारसे नव्हते, आणि लिंपण-सारवणाचे सर्वांत कौशल्याचे काम स्त्रिया करीत असूनही त्याची गणना श्रमात झाली नाही.

या चौकटीला पहिला मोठा धक्का रेल्वेने दिला. नागपूर ते राजनांदगाव ही नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरमापी वाट 1882 मध्ये पूर्णपणे सुरू झाली, पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती हाती घेऊन रुंदमापी केली, आणि सालेकसा व दरेकसा ही स्थानके याच मार्गावर आहेत. त्या काळी भारतात रेल्वेची बांधकामे साधारणपणे ठेक्याच्या उतरंडीने होत असत: मुख्य ठेकेदार कामाचे तुकडे पाडून लहान ठेकेदारांना देई, ते मुकादमांना देत आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन मजुरांच्या टोळ्या आणीत. या उतरंडीतील खालच्या ठेकेदारासाठी मध्य भारतात ‘पेटी ठेकेदार’ हा शब्द रूढ झाला. त्यातील ‘पेटी’ हे ‘लहान, दुय्यम’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे रूप असून लाकडी पेटीशी त्याचा संबंध नाही. सरकारी बांधकामातील मोजमाप पुस्तिकेने आणखी एक बदल घडवला. गिलाव्याचे क्षेत्रफळ मोजून देयक काढण्याची ही रीत रूढ झाल्यावर काम कोणी केले यापेक्षा किती केले याला महत्त्व आले, आणि भिंतीवर हात फिरवणारा माणूस हिशेबाच्या कागदावरून नाहीसा झाला.

कायद्याने मात्र या नाहीशा होणाऱ्या माणसाचा माग टप्प्याटप्प्याने घेतला. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 40 व्या कलमानुसार, एखादे काम वचन देणाऱ्यानेच करावे असा पक्षांचा हेतू असेल तर ते त्यानेच केले पाहिजे, अन्यथा तो सक्षम व्यक्तीकडून करवून घेऊ शकतो. पोटठेक्याचे मूळ तत्त्व या एका वाक्यात सामावले आहे. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने, व्यवसायाचा भाग म्हणून ठेक्याने दिलेल्या कामावर मजूर जखमी झाल्यास मूळ काम देणाऱ्यालाही भरपाईस जबाबदार धरले. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने, ठेकेदाराने वेतन बुडवल्यास ते मूळ मालकाने द्यावे, असे ठरवले. मात्र मूळ केंद्रीय कायद्यात ही तरतूद 20 किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी लागू होती आणि घराला पुट्टी लावणारी चार-पाच जणांची टोळी तिच्या कक्षेत सहसा येत नसे. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानेही 10 लाख रुपयांपर्यंतचे स्वतःच्या राहत्या घराचे खासगी बांधकाम वगळले होते, म्हणजे जिथे अखेरच्या हाताचे काम सर्वाधिक होते तीच जागा मोकळी राहिली. याउलट 1932 च्या भागीदारी कायद्यात नफ्याची वाटणी ही भागीदारीची खूण आहे आणि व्यवसायाच्या प्रत्येक कृत्यासाठी सर्व भागीदार एकत्रितपणे व स्वतंत्रपणेही जबाबदार असतात. पोटठेक्यात जबाबदारी खाली ढकलता येते, तर भागीदारीत ती प्रत्येकाच्या दाराशी उभी राहते.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आता सिमेंटची घरे सर्वत्र दिसतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत 25 चौरस मीटरचे किमान क्षेत्र ठरवताना बांधकामात ठेकेदार नेमू नये असे स्पष्ट केले गेले आणि ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. सावडीच्या मूळ कल्पनेला शासनाने दिलेली ही एक प्रकारची मान्यताच होय. दुसरीकडे याच भागातील मिस्त्री, बिगारी आणि ‘रेजा’, म्हणजे बांधकामावरील स्त्री-मजूर, शहरांतील घरांच्या नूतनीकरणात पोटठेक्याच्या शेवटच्या कडीवर उभे आहेत. मुख्य कंपनी सुतारकाम एकाला, फरशी दुसऱ्याला आणि रंग तिसऱ्याला देते. यांतील प्रत्येक जण चौरस फुटाच्या भावाने काम घेऊन रोजीवर माणसे लावतो. भौगोलिक योगायोग असा की, 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात सालेकशाहून ठेकेदारामार्फत जवळच्या राजनांदगावला गेलेला मजूर संरक्षणास पात्र ठरू शके, पण राज्यातल्याच दूरच्या पुण्याला गेलेला मजूर नाही.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष पोटठेका टाकून द्यावा असा नाही, कारण फरशी, लाकूड आणि रंग ही वेगवेगळी कौशल्ये एका हाती क्वचितच असतात आणि कामाची विभागणी जुन्या गावातही होतीच. मात्र गावातील सहवासाने जी हमी आपोआप मिळे, ती आता लिहून आणि बोलून उभी करावी लागते: प्रत्यक्ष भिंतीवर आधी मान्य केलेला नमुना, माल कोणाचा व मजुरी कोणाची याची नोंद, टप्प्यांनुसार मिळणारी रक्कम, दोष निघाल्यास दुरुस्तीसाठी राखलेल्या अनामतीची मुदत, आणि मुख्य देयक अडकले तरी मजुराची रोजी न अडकवण्याचा शब्द. दर दिवाळीला आपल्याच भिंतीसमोर परत येणाऱ्या हाताला काल केलेल्या कामातला तडा स्वतःच बुजवावा लागे. घरकामातील कोणत्याही ठेक्याची वा भागीदारीची प्रामाणिक कसोटी आजही तीच आहे, की एका पावसाळ्यानंतर भिंत तडकली तर तिच्यापाशी परत कोणी यावयाचे, हे काम सुरू होण्यापूर्वी सर्वांना ठाऊक असावे.