दीडपटीचा मागोवा

लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये पडद्याचं स्केल १२५, १५०, २०० टक्के असं मिळतं. हे टक्के ‘इंचाला ९६ पिक्सेल’ या आकड्याचे आहेत. १९८४ च्या मॅकिंटॉशवर एका इंचात ७२ पिक्सेल बसत. छपाईतला पॉइंटही इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणून कागद आणि पडदा जुळत. पडदा आपण कागदापेक्षा लांबून वाचतो, या विचाराने मायक्रोसॉफ्टने हे माप एकतृतीयांशाने वाढवून ९६ केलं. पुढे लिनक्सवर पडदा रंगवणाऱ्या एक्स सर्व्हरनेही पडद्याची खरी लांबी-रुंदी बाजूला ठेवून ९६ हाच आकडा धरला.

२०१२ साली रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आला. इंचाला २२० पिक्सेल! ९६ धरून काढलेलं अक्षर तिथे निम्म्याहूनही लहान दिसणार. देवनागरी वाचणाऱ्याला तर ते जास्तच जाचतं, कारण अनुस्वार आणि रफार आधी नाहीसे होतात. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या २०१३ च्या ३.१० आवृत्तीने सरळ दुप्पट हा उपाय दिला. पूर्णांक असल्याने रेषा काटेकोर राहिल्या.

पण १४ इंची, १९२० बाय १०८० च्या साध्या लॅपटॉपवर इंचाला सुमारे १५७ पिक्सेल येतात. एकपट बारीक, दुप्पट अगडबंब. हवी होती दीडपट. एक्सच्या जागी येऊ घातलेल्या वेलँडमध्येही स्केल पूर्णांकातच सांगता येई. मग आडमार्ग निघाला: खिडकी दुपटीने रंगवायची आणि आकसून दीडपटीवर आणायची. म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेलच्या पडद्यासाठी ३७ लाख पिक्सेल रंगवायचे, आणि इतकं करून अक्षरांच्या कडा पुसटच. बॅटरी खर्चून धूसरपणा विकत घ्यायचा, हे मला कधीच पटलं नाही.

खरा तोडगा नोव्हेंबर २०२२ मध्ये वेलँडच्या नव्या प्रोटोकॉलने दिला. त्यात स्केल एकशेविसांशांत सांगतात: दीडपट म्हणजे १८०, सव्वापट म्हणजे १५०. १२० ला २, ३, ४, ५ या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून नेहमीचे अपूर्णांक त्यात नेमके बसतात. आता अ‍ॅप मुळातच हव्या त्या मापात रंगवतं, आकसणं उरत नाही. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपच्या ५.२७ आवृत्तीने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रोटोकॉल स्वीकारला. जुनी एक्सवरची अ‍ॅप्स मात्र हा प्रोटोकॉल बोलत नाहीत. ती ताणून मोठी केली की आजही धूसर होतात.