बुडालेल्या जहाजातील काचेची भांडी

मध्ययुगीन इस्लामी जगातील फुंकीव काचेची भांडी आज जगभरच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. परंतु ती बहुधा श्रीमंतांच्या संग्रही असलेली, मीनाकारीने नटलेली असतात. सामान्य घरातील पेला, वाडगा वा सुरई फुटली की भट्टीत परत जात असे. भंगार काच मिसळल्यास नवी काच कमी उष्णतेत वितळते व इंधन वाचते. त्यामुळे रोजच्या वापरातील भांडी मागे उरलीच नाहीत.

ही उणीव एका जहाजाच्या अपघाताने भरून काढली. इ. स. १०२५ च्या सुमारास तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, ऱ्होड्स बेटासमोरील सेर्चे लिमानी या लहानशा खाडीत एक व्यापारी जहाज बुडाले. फातिमी खलिफांच्या ताब्यातील सिरियाच्या किनाऱ्यावरून ते निघाले असावे, असे मानले जाते. त्यात सुमारे तीन टन काच होती. दोन टन कच्च्या काचेचे गोळे आणि एक टन फुटकी भांडी, म्हणजे निव्वळ भंगारच!

जॉर्ज बास यांच्या नेतृत्वाखाली १९७७ ते १९७९ या काळात येथे उत्खनन झाले. लाखो तुकडे वर आले. प्रथम रंगानुसार, मग काठ, बूड, मूठ अशा भागांनुसार त्यांची वर्गवारी करण्यात आली आणि वर्षानुवर्षे ते जुळविण्याचे काम चालले. जोडकामातून पेले, वाडगे, सुरया, बरण्या, दिवे अशी नानाविध भांडी आकारास आली. जहाजावरील माणसांच्या सामानातील ऐंशीच्या आसपास भांडी मात्र जवळपास अखंड मिळाली. तेथेच सापडलेल्या फातिमी काचेच्या वजनांवरून जहाजाचा काळ ठरविता आला.

पोकळ नळीच्या टोकाशी वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकण्याची युक्ती इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइन भागातच निघाली. तिच्यामुळे काच स्वस्त झाली. नासिर खुस्रो या फारसी प्रवाशाने अकराव्या शतकाच्या मध्यास कैरोचा बाजार पाहिला, तेव्हा तेथील दुकानदार मालासोबत काचेचे भांडेही देत असल्याचे त्याने नमूद केले आहे. ग्राहकाला घरून भांडे आणावे लागत नसे.

सेर्चे लिमानीची काच बोद्रुमच्या किल्ल्यातील सागरी पुरातत्त्व संग्रहालयात ठेवण्यात आली. तिचा सविस्तर अहवाल २००९ मध्ये, म्हणजे उत्खननानंतर तब्बल तीस वर्षांनी प्रसिद्ध झाला.