आधी उकिरडा, मग पत्रावळ

मंडळी, गणपती जवळ आले की परदेशातल्या मंडळांच्या ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो: महाप्रसादाला ताटं कुठली आणायची? कोणीतरी हमखास लिहितं, "कंपोस्टेबल आणा, आपली पत्रावळच ती." खरंच तीच का? थोडा इतिहास बघू.

आपल्याकडे पत्रावळी लावायच्या त्या पळसाच्या, वडाच्या, मोहाच्या पानांच्या. पानं बारीक काड्यांनी टाचायची, आमटीसाठी खोलगट द्रोण करायचा. कोकणात केळीचं पान. रानाजवळच्या कितीतरी घरांना, विशेषतः बायकांना, या कामातून चार पैसे मिळायचे. पंगत उठली की उष्टी पानं काही गुरांपुढे, बाकी उकिरड्यावर. तिथे शेणात कुजून त्यांचं खत व्हायचं आणि ते शेतात जायचं. म्हणजे पत्रावळ एकटी कधीच नव्हती. तिच्यामागे रान, गोठा, उकिरडा आणि शेत होतं.

मग थर्माकोल आणि प्लास्टिक आलं. हलकं, स्वस्त, आमटी गळत नाही. ताट बदललं, पण जेवून झाल्यावर फेकून द्यायची सवय पत्रावळीचीच राहिली. पानं कुजत होती तोवर ती सवय शहाणपणाची होती. थर्माकोल कुजत नाही, तो नाल्यात जाऊन तुंबतो. शेवटी महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आणली, तर १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटं, पेले, चमचे अशा वस्तूंवर बंदी आली.

पर्याय म्हणून आज तीन गोष्टी दिसतात.

पहिला, मक्याचा चमचा. मक्याच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए नावाचं प्लास्टिक. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर इथे २००२ मध्ये त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. मूळ वनस्पतीचं असलं तरी हे प्लास्टिकच. ते नीट कुजायला साधारण ५८-६० अंशांची ऊब लागते, आणि ती कंपोस्टच्या मोठ्या कारखान्यात मिळते. परसातल्या ढिगात किंवा कचरा डेपोत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. म्हणून इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२३ ला आलेल्या बंदीतून मक्याचे काटे-चमचेही सुटले नाहीत.

दुसरा, उसाच्या चिपाडाची ताटं. कागदासारखा लगदा करून साच्यात दाबलेली, त्यामुळे कुजायला बरी. पण तेल झिरपू नये म्हणून अशा काही ताटांत पीफास ही फ्लोरिनची रसायनं घालत. अन्नाच्या कागदी वेष्टनांसाठी ती अमेरिकेत आता विकली जात नाहीत, असं एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. गराजमध्ये त्याआधीचा जुना साठा असेल तर तो वापरू नका.

तिसरा आपल्या सगळ्यांच्या आवडीचा: सुपारीच्या झावळीच्या देठाकडच्या रुंद भागाची, म्हणजे कोकणातल्या विरीची ताटं. गळून पडलेली विरी धुवायची, तापल्या साच्यात दाबायची, झालं ताट. दिसायला सगळ्यात पत्रावळीसारखं. पण मे २०२५ मध्ये एफडीएने उत्पादक आणि आयातदारांना कळवलं की सुपारीतली अरेकोलीनसारखी द्रव्यं अन्नात उतरू शकतात, म्हणून ही ताटं अमेरिकेत विकू नयेत. "नैसर्गिक आहे" एवढ्यावर विसंबू नये, ते यासाठी.

म्हणून मंडळाच्या मीटिंगमध्ये ताटाची किंमत विचारायच्या आधी हे विचारा: आपल्या गावात कंपोस्टचा कचरा वेगळा उचलतात का? उचलत असतील, तर कंपोस्टेबल ताटं-चमचे घेतात का? (बरेच कारखाने घेत नाहीत.) आणि जेवणानंतर ते वेगळे कोण करणार? यांची उत्तरं नसतील तर महागडा मक्याचा चमचाही शेवटी साध्या कचऱ्यातच जाणार. मग स्टीलची ताटं आणा आणि धुवायच्या पाळ्या लावा, किंवा प्रत्येकाने घरून आपलं ताट-वाटी आणा.

मुलांना पत्रावळीची गोष्ट जरूर सांगा. पण ती सांगताना पळसाच्या पानापाशी थांबू नका, उकिरड्यापर्यंत न्या. ताट पुढे कुठे जातं हे त्या लोकांना ठाऊक होतं. आपल्याला आहे का?

तुमच्या गावात काय सोय आहे? खाली लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.