आंबेगांव या शीर्षकाचा प्रश्न

रुमालावर चिठ्ठी नसली कीं आंतील कागद असून नसल्यासारखा. विकी-पद्धतींत चिठ्ठीचें काम शीर्षक करितें. एका शीर्षकाचें पान एकच. १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियांत न लिहिलेल्या पानाचा दुवा तांबडा दिसतो व त्यावरून नवें पान निर्माण करितां येतें. जुन्नरास शहर व तालुका एवढा भेद पुरे. आंबेगांवाचें प्रकरण बिकट. मूळ गांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं, नांव मात्र आंबेगांवच. शिवाय पुण्यालगत आंबेगांव बुद्रुक निराळें. सबब कंसांत ‘तालुका’ घालून बुडालेल्या गांवास स्वतंत्र पान द्यावें. केवळ पुनर्निर्देशन करून वाचकास तालुक्याकडे धाडिलें, तर मोडी कागदांतील मौजे आंबेगांव जोडावयास पानच उरणार नाहीं.