हुक्क्याची नळी आणि जातीची बैठक

हुक्का ओढला की आपण मॉडर्न झालो, असं वाटणाऱ्या पोरांनी हुक्क्याचा इतिहास एकदा वाचावा. आरमोरी-ब्रह्मपुरीकडून नागपूर-पुण्याला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे. एकच नळी चार जातींच्या मित्रांत फिरते, म्हणजे जात गेली, असा युक्तिवाद ती करतात.

तंबाखू पोर्तुगिजांनी आणला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेगने तो विजापुराहून अकबराच्या दरबारात नेला. जहांगिराने 1617 मध्ये बंदी घातली, पण ती टिकली नाही. पुढे हुक्का बैठकीत शिरला आणि कोण कोणाबरोबर ओढतो यावरून जात मोजली जाऊ लागली. उत्तरेत जातीबाहेर काढण्याला नावच पडलं ‘हुक्का-पानी बंद’. आपल्याकडे त्याला वाळीत टाकणं म्हणतात.

त्यातल्या पाण्यासाठी बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सत्याग्रह केला. हुक्क्यासाठी कुणी केला नाही, ते बरंच झालं! पण बहिष्काराचं हत्यार किती जीवघेणं आहे, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. गोलमेज परिषदेत त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली. आधाराला ब्रह्मदेशाचा 1922 चा कायदा होता. परिषद 1930 ची. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला 2016 मध्ये.

हुक्का पार्लरबंदीला मात्र इतका वेळ लागला नाही. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीत 14 जीव गेले, हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं आणि 2018 मध्ये कायदा झालासुद्धा. बंदी योग्यच आहे. फक्त हा वेग लक्षात ठेवा. आणि नळी वाटून घेणारा मित्र घरची खोली भाड्याने देताना आडनाव विचारतो का, तेही बघा.

आरमोरीच्या पानठेल्यावर प्रश्न खर्ऱ्याचा आहे. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ दारू-तंबाखूविरुद्ध काम करतं आहे, तरी खर्रा घोटला जातोच. इथल्याच जंगलातला तेंदूपत्ता विडीला जातो. त्या विड्या वळणाऱ्या मजुरांची संघटना कामठीच्या बाबू हरदासांनी बांधली. 1937 मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे आमदार झाले आणि 1939 मध्ये, वयाच्या अवघ्या 35 व्या वर्षी, क्षयाने गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केलं ते याच हरदासांनी.