तळटीप : रेम्ब्रांटचे ‘योसेफ आणि पोटीफरची पत्नी’

१. येथे निर्देशिलेले मुद्राचित्र म्हणजे डच कलावंत रेम्ब्रांट याने इ. स. १६३४ मध्ये ताम्रपटावर आम्लाच्या योगे रेषा उमटवून सिद्ध केलेली, जेमतेम तळहाताएवढी कृती होय. बायबलातील ‘उत्पत्ति’ या ग्रंथाच्या ३९ व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे, मिसर देशी फारोचा अंमलदार पोटीफर याच्या घरचा सारा कारभार पाहणारा दास योसेफ धनिणीच्या आग्रहास वश न होता पळून जातो. तेव्हा तिच्या हाती राहिलेले त्याचे वस्त्रच ती मुद्देमाल म्हणून पतीपुढे ठेवते आणि निरपराध योसेफ कैदेत पडतो. इटालियन चित्रकार तेंपेस्ता याच्या मुद्राचित्रावरून रेम्ब्रांटने ही रचना घेतली खरी. परंतु शय्येभोवतीची उजवी बाजू दाट रेषाजालाने काळोखात बुडवून, आणि मुख फिरवून निसटू पाहणाऱ्या योसेफाच्या बाजूस जवळजवळ कोऱ्या कागदाचाच प्रकाश ठेवून, त्याने त्या क्षणातील नैतिक द्वंद्व छायाप्रकाशातून साक्षात उभे केले. वाचकाने योसेफाचे हात अवश्य निरखावेत. त्याचा संयम सहजसाध्य नव्हे, तर कष्टार्जित आहे, याची साक्ष त्या दूर लोटणाऱ्या हातांतच मिळते.